नळीवरचं कुंकू

निवडणुकीचा निकाल लागून आठवडा उलटला आणि ठाण्यातून फोन आला, बंदूक घेऊन जा. जमा-पावती दाखवली, रजिस्टरात सही केली, नंबर ताडून पाहिला. शिपायानं सुतळीनं बांधलेली चिठ्ठी सोडवली आणि बंदूक हातात दिली. बाहेर पडवीच्या उजेडात आल्यावर दिसलं : उजव्या नळीवर, चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या थोडं पुढे, एक तांबूस डाग. आधी वाटलं कुंकूच आहे. अंगठ्यानं चोळलं तर निघेना, नख फिरवलं तर खरखरीत लागलं. कुंकू कधीच झडून गेलं होतं, त्याच्या जागी गंज धरला होता. आणि धरला होता तो अगदी बोटाच्या आकारात. आईच्या अनामिकेच्या.

त्या साली, म्हणजे २०२४ ला, खंडेनवमी आणि दसरा एकमेकांना चिकटूनच आले. १२ ऑक्टोबरला दसरा. पावसाळ्यात घरात नवी दुनाळी आलेली, तीही आमच्या भावकीतली पहिली. मग काय, कोयते, खुरपी, विळे आणि नांगराचा फाळ यांच्या मधोमध आईनं पाटावर तिला मानाची जागा दिली. झेंडूची माळ, आपट्याची पानं, हळदकुंकू, अक्षता, आणि शेवटी नारळ फोडून त्याचं पाणी सगळ्यांवर शिंपडलं. पूजेचं लगेच पुसायचं नाही हा तिचा दंडक. कोयत्याला त्याचं काही वाटत नाही. तो दोन दिवसांनी गवतात फिरला की पुन्हा लखलखीत. पण १५ तारखेला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली, आणि ठाण्यातून निरोप आला, बंदूक जमा करा. बंदूक हळदीकुंकवासकट गेली. बाहेर परतीचा पाऊस, आत भिंतीला टेकलेल्या पंचक्रोशीतल्या बंदुका. २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला मोजणी. तेवढ्या दिवसांत नारळाच्या पाण्यातल्या क्षारांनी आणि बाजारच्या कुंकवात जे काय असेल त्यानं आपलं काम चोख बजावलं होतं.

राग आला, पण तो ठेवायचा कुणावर? ठाण्यानं वस्तू जशी घेतली तशी दिली. आईनं जे केलं ते आजवर प्रत्येक दसऱ्याला केलं. आणि खरं सांगायचं तर त्या डागाकडे बघताना रागाइतकंच दुसरंही काही वाटत होतं. आईच्या बोटाचा असा ठसा घरातल्या दुसऱ्या कुठल्या वस्तूवर उमटलाय?

घरी कुणाला काही बोललो नाही. सुभेदारमामांना फोन लावला.

मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. सातारा जिल्ह्यात अशा माणसांना तोटा नाही. आपशिंगे गावाच्या तर नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे. मी शाळेत विज्ञान शिकवतो म्हणून मामा मला ‘मास्तर’ म्हणतात, आणि ज्या सुरात म्हणतात त्यात कौतुक कमी आणि शंका जास्त असते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटणच्या एसटीनं आले, चहासुद्धा नंतर म्हणाले. अंगणात टेबल मांडायला लावलं, त्यावर जुनी घोंगडी.

“काडतुसं कुठं हायती?”

“आतल्या खोलीत, पेटीत. कुलूप लावलंय.”

“किल्ली हिकडं दे. आन् आता बस.”

किल्ली खिशात टाकल्यावरच त्यांनी बंदूक हातात घेतली. तोंड डोंगराकडे, बोट चापापासून लांब. वरची कळ उजवीकडे सरकवली, नळ्या मोडून खाली झुकवल्या, दोन्ही चेंबरमध्ये नुसतं बघितलं नाही तर करंगळी घालून चाचपलं. मग माझ्याकडे दिली, मलाही तेच करायला लावलं. मी परत दिली तर त्यांनी पुन्हा करंगळी घातली. म्हटलं, मामा, आत्ताच तर बघितलं. “मगाशी बगितलं ते मगाशी. आता माझ्या हातात आली ती आत्ता.” या वाक्यावर मला हसू आलं होतं. पुढं तेच वाक्य माझ्या तोंडात बसलं.

दुनाळीचे तीन भाग होतात, हे मला माहीत होतं. विकताना दुकानदारानं जोडून-सोडून दाखवलं होतं. नळ्यांखालचं लाकूड काढलं, नळ्या निघाल्या, उरला दस्ता आणि त्याला जडलेली कळ-चाप-घोड्यांची पेटी. नळी डोळ्याला लावून आभाळाकडे धरली की आत उजेडाची कडी दिसतात, खोल विहिरीत डोकावल्यावर दिसतात तशी, एकात एक. निदान तशी दिसायला हवीत. माझ्या डाव्या नळीत कडी स्वच्छ होती. उजवीत चेंबर संपतं तिथं काहीतरी राखाडी, चिकटलेलं. दसऱ्याआधी भुईमुगात रानडुकरं शिरली तेव्हा हवेत झाडलेल्या बारांचा तो मळ. आजकालच्या काडतुसात छर्ऱ्यांमागं प्लॅस्टिकचं बूच असतं, ते तापून नळीला घासत जातं आणि त्याचा पातळ पापुद्रा आत राहतो. वर दारूची काजळी. त्याखाली ओल दडून बसते, आणि वरून तेल कितीही फिरवलं तरी तिथवर पोचत नाही.

मामांनी गज, म्हणजे नळी साफ करायची सळई, जोडला, पुढे ब्रॉन्झचा ब्रश, त्यावर मळ सोडवणाऱ्या सॉल्व्हंटचे थेंब. ब्रश नेहमी चेंबरच्या बाजूनं घालायचा, तोंडाच्या बाजूनं नाही. नाहीतर सगळी घाण मागं ढकलली जाते आणि गजाचा घासा नळीच्या तोंडाला लागतो. छर्ऱ्यांचा फैलाव ठरतो तो तोंडाशी, म्हणून तिथं ओरखडा नको. आणि ब्रश आत असताना मध्येच उलटा ओढायचा नाही. पार बाहेर काढायचा, मग मागं घ्यायचा. दहा मिनिटं नळी तशीच ओली ठेवली. मग चिंदी. एनसीसीत असताना चार बाय दोनची चिंदी आम्ही रायफलीतून ओढली होती, पण तेव्हा लक्ष सगळं उस्ताद कधी सोडतोय याकडे. आता बघितलं. पहिली चिंदी काळी कुळकुळीत निघाली. दुसरी राखाडी, त्यात शिशाची चमक. तिसरीवर प्लॅस्टिकचे तुकडे, नखाएवढे. मामा प्रत्येक चिंदी टेबलावर ओळीनं मांडत होते, काही न बोलता. शेवटची पांढरी आली तेव्हा म्हणाले, “आता झाली म्हणायची न्हाय. उद्या परत एक घाल, ती काळी येती.” आणि आली. धातूच्या बारीक खळग्यांतला मळ रात्रभरात सुटून वर येतो.

नव्या बंदुकीची गंमत अशी की ती स्वच्छच आहे असं आपण धरून चालतो. कारखान्यातून येताना तिला जाड तेल फासलेलं असतं, ते गोदामातल्या मुक्कामासाठी. पहिला बार काढायच्या आधी ते नळीतून कोरडं पुसून काढावं लागतं. पेटीच्या खाचांतही ते घट्ट होऊन धूळ धरतं. मामांनी जुन्या टूथब्रशनं बिजागरीच्या खिळ्याजवळून आणि काडतूस मागं सारणाऱ्या पट्टीखालून पिवळट लगदा काढून दाखवला. “ह्यो तुझा नवाकोरा माल.” त्या जागी ग्रीस लावलं, तेही काडीच्या टोकावर मावेल इतकं. नळ्या जिथं टेकून फिरतात तिथं ग्रीस, बाकी सगळीकडे तेलाचा नुसता हात. नवी कळ ताठ असते आणि मिटल्यावर मध्यावर न येता थोडी उजवीकडेच थांबते. मला तो दोष वाटला होता. तो दोष नाही; झीज धरून केलेली जागा आहे, वर्षानुवर्षं वापरून ती सरकत सरकत मध्यावर येते. पण म्हणून दणका देऊन मिटायची नाही. सिनेमातला तो खाडकन आवाज जो आहे ना, त्याच्यासारखा बिजागरीचा शत्रू नाही.

नळ्यांच्या पोटाशी, एरवी कधी दिसत नाही तिथं, चेंबरची लांबी कोरलेली असते. साफसफाई करतानाच ती नजरेला पडते. मामांनी मला ती मोठ्यानं वाचायला लावली. ६५ मिलिमीटरच्या चेंबरमध्ये ७० चं काडतूस सहज जातं, नळ्याही मिटतात. पण उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा राहत नाही आणि दाब भलताच वाढतो. दुकानात काडतुसं मागताना किती लोक हा आकडा सांगत असतील, कुणास ठाऊक.

तेलाबद्दल गावात जितकी घरं तितकी मतं. खोबरेल लाव, आमचे आजोबा तेच लावायचे. रॉकेलनं धू. डिझेलचा बोळा फिरव. एकानं तर गावठी तूप सुचवलं. खोबरेल थंडीत गोठतं, हे प्रत्येक घरात बाटली उन्हात ठेवणाऱ्या बाईला माहीत असतं. बंदुकीच्या स्प्रिंगांत ते गोठलं की काय होईल ते सांगायला नको. खायची तेलं हवेनं चिकट होतात, राळ धरतात. रॉकेलनं मळ निघतो, पण उडून गेल्यावर लोखंड उघडं पडतं. शिलाई मशीनचं तेल मात्र चालतं. ते खनिज तेल, पातळ, चिकटा न धरणारं. लाकडाला वेगळा न्याय. दस्त्याला जवसाच्या तेलाचे चार थेंब, तळहातानं, ऊब येईपर्यंत चोळून. आणि एक गोष्ट मी विज्ञानाचा मास्तर म्हणून मामांना सांगितली, त्यांनाही माहीत नव्हती : जवसाचं तेल लागलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात फेकायचा नाही. ते तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि बोळ्यात ती कोंडली तर चिंधी आपसूक पेटते. दोरीवर पसरून वाळवायची. मामांनी “असं व्हय?” म्हणून पहिल्यांदाच माझ्याकडे जरा मानानं बघितलं.

मग डाग. त्यावर आदल्या रात्रीच तेल थापून ठेवायला फोनवर सांगितलं होतं. मी पॉलिश पेपर आणून ठेवला होता, तो त्यांनी उचलून लांब ठेवला. खिशातून भोकाचा पैसा काढला. चाळीसच्या दशकातला, मधोमध गोल भोक असलेला. ब्रॉन्झ पोलादापेक्षा मऊ. गंज खरवडतो पण नळीला ओरखडा पाडत नाही. पैशाची कड डागावर हलक्या हातानं, तेलात, एकाच दिशेनं. तेल तांबडं होत गेलं. पुसायचं, नवा थेंब, परत. अर्धा तास गेला असेल. आई मध्येच चहा घेऊन आली, उभी राहून बघत होती. “काय लागलंय त्याला?” मामा मान वर न करता म्हणाले, “काय न्हाय आक्का, तेलाचा डाग.”

गंज गेला. खाली बारीक खड्डे राहिले, आणि तेवढ्या भागातला निळसर काळा रंग फिका. तो रंग म्हणजे रोगण नव्हे. तोही लोखंडाचा एक ऑक्साइडच, मुद्दाम, मापात चढवलेला. तांबडा गंज पापुद्रे सोडत आत आत खात जातो, हा काळा थर घट्ट बसतो आणि तेल धरून ठेवतो. त्याचं राखणं तेवढंच. तेल नसेल तर त्याचं काही चालत नाही. वर्गात मी गंजाचा धडा कितीदा शिकवलाय, तीन परीक्षानळ्या, एका खिळ्यावर तेल, एका खिळ्यावर पाणी. पण पाठ म्हणून शिकवणं वेगळं आणि आपल्या पैशाच्या वस्तूवर तो वाचणं वेगळं.

मामा गेल्यावर मी डोक्यात हिशेब करत राहिलो. ही बंदूक झाडल्यानं खराब होण्याइतकी मी कधी झाडणारच नाही. शेत सह्याद्रीच्या उताराला, वर जंगल. रानडुकरं येतात, पण त्यांच्यावर झाडायचं तर वनखात्याची परवानगी हवी. गवे येतात, त्यांना तर बोटही लावायचं नाही. म्हणजे उरतो तो हवेतला बार, तोही फटाके, डबे आणि कुत्री हरल्यावर. वर्षातले बाकी सगळे दिवस ती कपाटात. मग तिची वाट लागते कशानं? मिरवण्यानं. पाहुणा आला की “बघू जरा” म्हणतो, घामेजल्या हातानं नळी धरतो, खांद्याला लावतो, रिकाम्या घोड्याचा चाप ओढून बघतो. घामातलं मीठ नळीवर, मार काडतुसाला ठोकणाऱ्या टोचणीवर. चाप ओढायचाच तर त्यासाठी खोटी काडतुसं मिळतात, त्यांच्यातली स्प्रिंग मार झेलते. हे पाहुण्याला सांगितलं की त्याचा चेहरा उतरतो, जणू त्याच्या मर्दुमकीवरच कुणी शंका घेतली. आमच्याकडे बंदूक ही आधी इभ्रत आणि मग वस्तू. वरातीत बार काढायची हौस काहींची अजून जात नाही. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, तरी. त्या हौशी लोकांपैकी एकाच्याही घरी मी गज पाहिलेला नाही.

उलट जुन्या वाड्यांमधून भिंतीला टांगलेल्या ठासणीच्या बंदुका पाहिल्यात. बाहेरून पितळी नक्षी घासलेली, आत नळीत गंजाचा भुगा. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढून घेते, ती गरम पाण्यानं धुवावी लागते, हे माहीत असलेली पिढी गेली आणि नक्षी पुसणारी राहिली. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याला आली, तेव्हा मुलाला घेऊन बघायला गेलो होतो. रांगेत घोषणा, मोबाइल, गर्दी. माझ्या डोक्यात मात्र आलं की इतकी वर्षं हे पोलाद कुणीतरी पुसत आलं असणार, आणि त्या पुसणाऱ्याचं नाव कुठल्याच पाटीवर नसतं.

आमच्याकडचा पाऊस हे आणखी एक प्रकरण. वर कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. आमच्या गावात त्याहून कमी, पण जुलै-ऑगस्टात पापड, माचिस आणि पुस्तकांचे पुठ्ठे सारखेच सादळतात. बंदुकीबरोबर मिळालेली कातड्याची खोळ दिसायला देखणी, पण त्यात ठेवणं म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळणं. खोळ फक्त प्रवासापुरती. कपाटात उघडी ठेवायची, जमलं तर नळ्यांची तोंडं खाली करून, म्हणजे तेल ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरत नाही. मुरलं की लाकूड काळं पडतं आणि मऊ होतं. शेजारी सिलिका जेलची पुरचुंडी. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करायचे, तो तवा अर्थातच स्वयंपाकाचा नव्हे. पावसाळ्यात दर रविवारी जेवणाआधी मी हे करतो. मुलगा आठवीत आहे, तो शेजारी बसतो. त्याला चिंदी कापायला देतो, तेलाचा डबा धरायला देतो, बंदूक नाही. परवाना माझ्या नावावर आहे, हे एवढं उत्तर त्याला पुरत नाही हे दिसतं.

मलाही सगळी उत्तरं मिळालीत असं नाही. हवेत बार काढला त्या रात्री गोठ्यातली कालवड सकाळपर्यंत थरथरत होती. डुकरं गेली, पण तिसऱ्या दिवशी परत आली. बार काढल्यावर हातापायात जी एक ऊब चढते ती मला आवडली, आणि आवडली म्हणून ती नकोशीही वाटली. साफ करतानाचं तसं नाही. सॉल्व्हंटचा झोंबरा वास, जळलेल्या दारूचा मागं राहणारा कुबट वास, गज नळीत शिरताना हवा दबून होणारा हलका ‘फुस्स’, यात मन लागतं. मारायच्या वस्तूची निगा इतक्या मायेनं करावी का, हा प्रश्न चिंदी ओढता ओढता डोक्यात येतो आणि चिंदी बाहेर आली की पुन्हा काळी आहे का पांढरी, तेच बघितलं जातं.

पुढचा दसरा २ ऑक्टोबरला आला. मामा मुद्दाम आदल्या दिवशी येऊन राहिले. आईला त्यांनी डागाचं सांगितलं नाही. पलटणीत हत्यारपूजा कशी करतात ते सांगितलं, त्यातलं किती खरं आणि किती त्या क्षणी रचलेलं ते त्यांनाच ठाऊक. “आक्का, हत्याराला तेल हाच निवद. कुंकू पेटीला लाव.” आईनं ऐकून घेतलं. “म्हंजे देवाला रेनकोट घालून आंघोळ,” म्हणाली. पण पाटावर बंदूक ठेवताना तिनं शेजारी तेलाचा डबाही मांडला, आणि कुंकू लावलं ते त्या डब्याला. नारळ तेवढा अंगणात जाऊन फोडला.

मध्यंतरी वरच्या वाडीतल्या एकाला परवाना मिळाला. सातारला जिल्हाधिकारी कचेरीत वर्षभर खेटे घातलेले, त्यामुळे आनंद मोठा. संध्याकाळी पेढे घेऊन आला. कुठली घेऊ, एकनाळी का दुनाळी, किती अंतरावर लागतं, पंपवाली चांगली का, आवाज कुणाचा मोठा. मी सांगता येईल तेवढं सांगितलं. मग म्हटलं, घेशील ती घे, पण गज, दोन ब्रश, लोकरीचा बोंडा आणि तेल त्याच दिवशी घे, आणि आणलीस की झाडायच्या आधी इकडे घेऊन ये, तुझ्यासमोरच सोडून पुसू. डबा उघडून दाखवायला लागलो तसा तो घड्याळाकडे बघायला लागला. उठताना म्हणाला, “आदी घेतो तर मास्तर, त्येलाचं मग बगू. आदी दसऱ्यापातुर घरात तर यायला पायजे.”